भेटायची वेळ संपली

कांदिवलीच्या एका प्रसूतिगृहात नलिनी परब उभं आयुष्य दारावर बसली. हुद्दा आयाचा, रुबाब फौजदाराचा. बाळ बघायला माहेरचे, सासरचे, शेजारचे सगळे एकदमच घुसू पाहायचे. परबकाकी आधी आत जाऊन बाळंतिणीला विचारायची, "बाहेर अमकी आलीय, सोडू?" तिनं मान हलवली तरच दार उघडायचं. खुद्द डॉक्टरीणबाईंच्या नणंदेलासुद्धा तिनं बाकावर ताटकळत ठेवलं होतं. "भेटायची वेळ संपली," हे ती अशा काही आवाजात म्हणायची, की माणूस वाद घालायचं सोडून चपला शोधायला लागायचा.

आणि अशा बाईच्या स्वतःच्या घरात मात्र वाटेल त्यानं डोकावावं, असा कारभार होऊन बसला होता. तिला त्याचा पत्ताच नव्हता.

झालं असं, की गिरणी सुटल्यावर तिच्या नवऱ्यानं, काशीरामनं, इथल्याच घरी गणपती आणायला सुरुवात केली. काशीराम गेला तरी काकीनं तो चालू ठेवला. पण गावची भावकी इथं कशी येणार? म्हणून हैदराबादला नोकरीला असलेला मुलगा, सिद्धेश, यानं हॉलच्या भिंतीवर मखरासमोर कॅमेरा लावला. घरबसल्या सगळ्यांना आरती दिसेल आणि बोलायचं झालं तर कॅमेऱ्यातून आवाजही येईल. पासवर्ड काय, तर देवाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तो भावकीच्या ग्रुपवर टाकला. देवाचं दर्शन कोणाला नाही कसं म्हणायचं? कोणी तो मेहुण्याला पाठवला, मेहुण्यानं त्याच्या मंडळाच्या ग्रुपवर ढकलला. गणपतीचं विसर्जन झालं, कॅमेऱ्याचं राहिलं. सिद्धेश म्हणाला, "असू दे आई, तू एकटी असतेस. माझं लक्ष राहील."

एका दुपारी काकी जमिनीवर पाय पसरून गुडघ्याला तेल चोळत होती. साडी वर घेतलेली, गुणगुणणं चाललेलं. तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला, "आजी, दुसऱ्या गुडघ्यालाही लावा की!" आणि मागून खिदळणं.

"कोण रे तू मेल्या? हिंमत असेल तर समोर ये!" काकी ओरडली. पुन्हा खिदळणं, मग सगळं शांत.

तिनं आधी साडी खाली ओढली, मग कॅमेऱ्यावर टॉवेल फेकला. किती दिवस बघत होते हे लोक? तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग तिला स्वतःचाच राग आला. घर माझं, गुडघा माझा, आणि लाज मला वाटावी?

सिद्धेशला फोन केला तर तो घाबरला. "बस झालं आई. शनिवारी येतो आणि तुला इकडे घेऊन येतो. घराला कुलूप लावू."

"टवाळी त्यांनी केली आणि घर मी सोडायचं?"

"आई, मला वाद नकोय." त्यानं फोन ठेवला.

काकी तडक वरच्या मजल्यावर अक्षताकडे गेली. अक्षता एका कंपनीत कॉम्प्युटरचं बघते. तिचं बाळंतपण काकीच्याच प्रसूतिगृहात झालेलं. तेव्हा तिला झोप मिळावी म्हणून काकीनं तिच्या सासूलाच परत पाठवलं होतं. ते उपकार अक्षता विसरली नव्हती.

"काकी, काढूनच टाका ना तो कॅमेरा. कशाला डोक्याला ताप?"

"मी का काढू? पळून जायला मी काय केलंय? त्या कॅमेऱ्याला माझ्या हाताखाली आणून दे, बाकी मी बघते."

अक्षतानं अ‍ॅप उघडलं आणि कपाळाला हात लावला. गावच्या भावकीतल्या नंदूपासून वाकोल्याच्या कुठल्या अनोळखी माणसापर्यंत फोनच फोन जोडलेले. तिनं आधी त्या यादीचे फोटो काढून सायबर पोलिसांत तक्रार करायला लावली. मग एकेकाला बाहेर काढलं, कॅमेऱ्याचं जुनं सॉफ्टवेअर नवं केलं. काकीच्या फोनवर आलेला आकडा टाकल्याशिवाय कोणालाच आत येता येणार नाही, अशी सोय केली. वाय-फायच्या डब्याचा पासवर्डही बसवणाऱ्यानं घातलेला, तसाच होता.

"म्हणजे कुलूप आणलं आणि चावी त्यालाच लटकवून ठेवली!" काकी म्हणाली. "आण इकडे, नवे पासवर्ड मी घालते. तोंड फिरव गं."

अक्षतानं हसत तोंड फिरवलं. मग विचारलं, "सिद्धेशला ठेवायचं ना?"

"त्यालाही काढ."

"काकी, मुलगा आहे तुमचा."

"असू दे. बाळाच्या बापालासुद्धा मी बाळंतिणीला विचारूनच सोडायचे."

दुसऱ्या दिवशी कॅमेरा हॉलच्या भिंतीवरून उतरला आणि बाहेर, दाराच्या वर चढला. भावकीला तिनं कळवून टाकलं, की पुढल्या गणपतीत आरतीपुरता व्हिडिओ कॉल लागेल, आरती झाली की बंद. नंदूचा लगेच फोन आला. "वहिनी, आम्हाला परकं केलंस गो."

"नंदू भावजी, दर्शन देवाचं मागा. माझं नको."

शनिवारी ती स्वयंपाकघरात असताना, दारात कोणी आल्याचं सांगायला कॅमेऱ्यानं तिचा फोन वाजवला. दारात सिद्धेश उभा असलेला दिसला. एका हातात मोठी रिकामी बॅग, दुसऱ्या हातात फोन. आई आत काय करतेय हे तो दाराबाहेरूनच अ‍ॅपवर बघू पाहत होता, आणि अ‍ॅप त्याला आत घेत नव्हतं.

काकीनं फोनवरचं बोलायचं बटण दाबलं. "सिद्धेश."

तो दचकला. "आई? अगं, माझा पासवर्ड का चालत नाहीये?"

"चालणार नाही. आता तो माझा आहे. बॅग कसली ती?"

"तुझे कपडे भरायला."

"चार दिवस राहायला आला असशील तर ये, बांगड्याचं तिखलं केलंय. न्यायला आला असशील तर भेटायची वेळ संपली."

तो वर कॅमेऱ्याकडे बघत राहिला. लहानपणी शाळेतून येऊन प्रसूतिगृहाच्या बाकावर बसायचा तेव्हा त्यानं हेच शब्द ऐकले होते. ते आपल्याला ऐकावे लागतील असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"आई, दार उघड ना."

"बेल आहे रे दाराला."

सिद्धेशनं फोन खिशात टाकला, बॅग जिन्याकडे सरकवली आणि बेल वाजवली. काकीनं ती पूर्ण वाजू दिली. मग गॅस बारीक केला आणि दार उघडायला गेली.