हॉटेलातली चादर आणि माझा निळा खडू

चहा ओता आधी. आणि जे काय हसायचं ते आत्ताच हसून घ्या, कारण माझा मूर्खपणा एकदा सुरू झाला की मध्ये थांबत नाही!

कामतघरला माझे आठ लूम, कापड विणायचे माग. वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या लूमवर राबून एकेक करून घेतलेले. त्यातले चार गेल्या दिवाळीपासून बंद. उरलेले चार एका दलालाच्या जिवावर चालू. भंगारवाला रोज दारावरून जाताना आत डोकावतो, नातेवाईक पेशंटला बघायला आल्यासारखा! असल्या दिवसांत पुण्याहून फोन आला. मोठं हॉटेल, गावोगावी शाखा असलेलं. तिथल्या खरेदी खात्याच्या नेहा मॅडम.

फोन आला तेव्हा मी लूमपाशीच. तुम्ही कधी चालू लूमपाशी उभे राहिलायत? तिथे कोणी कोणाचं ऐकत नाही, फक्त ओरडायचं. आमची जमातच तशी झालीय, घरी जेवतानासुद्धा ओरडतो. मॅडम बरंच काही सांगत होत्या. माझ्या डोक्यात शिरलं ते एवढंच: चादरी, कापड, या, एक दिवस राहा, जेवा, मोठ्या साहेबांना भेटा. बाकी सगळ्यावर मी "हो हो, येतो येतो!" ओरडलो आणि फोन ठेवला.

निघताना बायकोने बजावलं. सुनंदा अंबाडीकडची, तोंडावर बोलते.

"तिथं जाऊन तोंड उघडू नका. समोरच्याला बोलू द्या. तुम्ही निस्तं ऐका."

"अगं, धंदा तोंडावर चालतो!"

"म्हनूनच चार लूम बंद हायेत."

मी पिशवी उचलून निघालो.

तर पोचलो. खोलीतली गादी एवढी मऊ, की बसलो तर गुडघे कानाला लागले. पण माझं लक्ष गादीवर कुठलं! चादरीवर. पांढरीशुभ्र, कडक इस्त्रीची. सुतात जन्म गेलेला माणूस चादरीवर झोपत नाही हो, तो आधी ती तपासतो. खिशातून भिंग काढलं, चादर ओढून खिडकीच्या उजेडावर धरली, आणि बघतो तर काय! इथे तार तुटलेली, तिथे गाठ, एका जागी दोन आडवे धागे एकमेकांना चिकटलेले! आमच्यात दोष दिसला की खडूने गोल मारायचा. हात आपोआप खिशात गेला.

एक चादर झाली. उशांचे अभ्रे झाले. रजईची खोळ काढली, तीही झाली. तेवढ्यात खोली साफ करणारा आला. मी पलंगावर उभा, डोक्यावरून चादर घेतलेली, हातात निळा खडू.

"साहब, खटमल है क्या?"

"खटमल परवडला! ये देख, ये क्या बुनाई है?"

त्याने ते गोल बघितले. "साहब, ये धोने से जाएगा ना?" बिचारा रडकुंडीला आला.

"तू टेन्शन मत ले. जिसने ये माल दिया, उसकी आज छुट्टी!"

कारण माझा डाव ठरलेला होता. आत्ता जो कोणी माल देतोय त्याची लक्तरं साहेबांसमोर काढायची. तो बाहेर, मी आत! स्वतःच्या अकलेवर मी इतका खूश होतो की आरशात बघून मिशीला पीळसुद्धा दिला.

दुपारी खाली जेवायला गेलो. नेहा मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या, हसऱ्या.

"गायकवाड काका, किती शोधलं तुम्हाला! दलाल नावच सांगेना. आम्हाला तुमचं..."

"मॅडम, ते राहू द्या! आधी हे बघा!" म्हणत मी काखेतली चादर टेबलावर पसरली. सूपाचे वाडगे बाजूला सारले. एवढ्यात मोठे साहेब आले. सूटबूट, हिंदी बोलणारे.

"सर, नजर डालो! ये कपडा नहीं, पोतं है! इसमें आलू भरो, आलू!"

आवाज कसला? लूमवाला! अख्खं जेवणघर चमचे हातात धरून ऐकत होतं. मॅडम म्हणाल्या, "काका, जरा ऐका ना..." मी म्हटलं, "थांबा मॅडम, आज बोलूनच टाकतो!" त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, मी पिऊन पुन्हा सुरू. त्यांनी टेबलाखाली माझा पाय दाबला. मला वाटलं पोरीला जागा पुरत नाही, मी पाय आवरून घेतला!

मी साहेबांच्या हातात भिंग दिलं. साहेब वाकून वाकून बघायला लागले. "अरे वाह, ये भी टूटा है! नेहा, ये सप्लायर आज से बंद."

मी टाळ्या वाजवल्या. एकट्याने! आणि वर म्हटलं, "ऐसे आदमी को गेट के अंदर मत लेना, सर!"

साहेब गेले. मी दुसरा गुलाबजाम घेतला. मॅडम डोक्याला हात लावून बसल्या होत्या.

"काका, हे तुमचंच कापड आहे."

आता तुम्ही म्हणाल, गाढवा, स्वतःचं कापड ओळखलं नाहीस? अहो, आमच्याकडून कापड जातं ते मळकट, पिवळट, कांजीने ताठ. दलाल नेतो, कुठे धुतो, कोणाकडून शिवून घेतो, आम्हाला कोण सांगतंय? तीस वर्षं विणतोय, पण माझं कापड पांढरं होऊन कुठे नांदतं ते कधी बघितलंच नव्हतं. पहिल्यांदा भेट झाली, आणि मी त्याला गोल मारले!

मॅडमचा आवाज अगदी बारीक झाला होता. "दोन वर्षं वापरतोय. एका गेस्टची तक्रार नाही. म्हणून सरांना म्हटलं, दलाल सोडू, सगळ्या शाखांचं काम थेट काकांना देऊ. फोनवर सगळं सांगितलं होतं मी तुम्हाला. आणि आज ओळख करून द्यायच्या आधीच तुम्ही सुरू झालात, सरांना वाटलं कापड तपासणारे कोणी आलेत."

खोटं नाही सांगत, तिथल्या तिथे रडू फुटत होतं. पण उठलो आणि तसाच साहेबांच्या मागे पळालो. लिफ्टमध्ये शिरत होते.

"सर! वो कपडा इतना भी खराब नहीं है!"

"अभी तो आपने पोतं बोला?"

"अच्छा वाला पोतं, सर!"

साहेबांनी डोळे बारीक केले. "उस सप्लायर का फोन आया क्या? सेटिंग हो गई?"

"सर... सप्लायर मैं ही हूं."

लिफ्टचं दार लागत होतं. साहेबांनी बटण दाबून ते उघडं धरलं, मला नीट बघायला. मग शांतपणे विचारलं, "कपड़े के बारे में जो बोला, सच बोला था ना?"

नाही म्हणावं तर मी खोटारडा. हो म्हणावं तर माल गेला!

"सच बोला, सर."

"फिर?" म्हणाले, आणि दार लागलं.

दुसऱ्या दिवशी कामतघरला उतरलो, तर रफिकभाई दारातच उभा. वडिलांच्या वेळचा कारागीर, माझ्यापेक्षा त्यालाच जास्त घाई.

"सेठ, साहब को माल के बारे में ठीक से बोला ना?"

"सब बोला."

"साहब मान गए क्या?"

"एकेक शब्द मान गए, रफिकभाई."

"माशाअल्लाह! तो चारों लूम चालू कर दूं?"

"नको," मी म्हटलं, "जे चार चालू आहेत, ते बंद कर."