रागाचा वळसा

विजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या आजोबांचं दुकान घराच्या मागच्या खोलीत होतं. स्वयंपाकघरातून तिथं थेट दार होतं, पण आजीशी भांडले की आजोबा तणतणत पुढच्या दारानं निघायचे आणि घराला वळसा घालून दुकानात बसायचे. राग दिसायला नको का?

आज ते असेच बसले असताना नात वही घेऊन आली. तिनं चुंबकाच्या रेषा लाल टोकातून काढून दुसऱ्या टोकाशी संपवल्या होत्या.

"कोणी अडवलं त्यांना तिथं?" आजोबांनी चुंबकाची पट्टी हातोडीनं मधोमध तोडली, दोन्ही तुकडे जरासे दूर ठेवले, वर कागद धरून लोखंडाचा कीस भुरभुरला. मधल्या फटीतही कीस या तुकड्याकडून त्या तुकड्याकडे ओळीनं लागला.

"बघ, रेषा आतूनही चालूच असते. बाहेरून जाते, आतून परत येते."

"पानं वाढलीत," स्वयंपाकघरातून आजी म्हणाली.

आजोबा हातोडी ठेवून आतल्या दारानं जेवायला गेले. नातीनं रेषा चुंबकाच्या पोटातून नेऊन जोडली. उद्या आजोबा पुन्हा भांडून पुढच्या दारानं निघणारच होते.