गुलाबरावांचं जाड तेल

इंजिनातलं तेल पाहायला गुलाबराव नाकाडे मिस्त्रींना कधी कुठलं यंत्र लागलं नाही. तेलाची पट्टी ओढायची, टोकाचा थेंब अंगठ्यावर घ्यायचा, बाजूच्या बोटानं चोळायचा आणि दोन्ही बोटं हळूच वेगळी करायची. चिक्कीच्या पाकासारखी तार आली की तेल जिवंत, तुटली की मेलं. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या गल्लीत त्यांनी तीस वर्षं याच कायद्यावर अँबेसेडर, जीप, मेटाडोर जगवल्या. बाप अमरावतीकडून रेल्वेत फिटर म्हणून आलेला. अंगठा त्याचाच वारसा म्हणा.

मग रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं. साहेब आले, मंत्री आले, त्यांच्यामागे नव्या गाड्या आल्या आणि गाड्यांसोबत ते सिंथेटिक तेल आलं. गुलाबरावांनी पहिल्यांदा ते बोटावर घेतलं तेव्हा तार आलीच नाही. "हे तेल होय काय? हे तर पाणी होय," म्हणाले आणि बोट पुसून टाकलं. गल्लीतले बाकीचे मिस्त्री हळूहळू शिकले. हे शिकले नाहीत. सुंभ जळेल, पण पीळ जाणार नाही, असा माणूस.

अनंतराव हा त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. एका बाकावर बसून दोघांनी मार खाल्लेला. अनंतराव तहसिलीतून रिटायर होऊन चौबे कॉलोनीत राहायचे. उभ्या जन्मात गाडी घेतली नव्हती, पण बायकोच्या, प्रेमलाबाईंच्या, किडन्या गेल्या आणि घ्यावी लागली. डायलिसिस दर मंगळवारी आणि शुक्रवारी, तेही नव्या रायपूरकडच्या दवाखान्यात. बिचाऱ्यानं साठाव्या वर्षी स्टिअरिंग धरलं आणि छोटी डिझेल गाडी घेतली, नवी कोरी.

कंपनीची फुकटातली सर्व्हिस संपली, तसे अनंतराव गाडी घेऊन गल्लीत आले. सोबत गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या तेलाचा डबा. प्रेमलाबाई पुढच्या सीटवर, हाताला पट्टी. गुलाबरावांची पोरगी पूर्णिमा, विमा ऑफिसात नोकरीला, बापाचा डबा द्यायला आली होती. इंग्रजी पुस्तक तिनंच वाचलं.

"बाबा, इसमें साफ लिखा है. फाइव्ह डब्ल्यू थर्टी, सिंथेटिक. टर्बोवाली गाडी है, दुसरा मत डालना."

"तुह्या पुस्तकाले रायपूरचा मे महिना मालूम आहे काय?" गुलाबराव उखडले. "पंचेचाळीस डिग्रीत हे पाणी टिकन काय? वहिनीची गाडी होय ही. हिच्यात मी पाणी नाही टाकत."

अनंतराव जरा घुटमळले. "गुलाब, शोरूमवाला म्हणत होता..."

"भाऊजी म्हणतात तेच टाका न," प्रेमलाबाई आतून म्हणाल्या. "शोरूमवाला काय आपला होय?"

झालं! गुलाबरावांनी जुन्या ट्रकांना घालायचं वीस-पन्नासचं जाड तेल काढलं, स्वतः गाळून ओतलं. सिंथेटिकचा डबा सीलबंद डिक्कीत परत गेला. मायेनंच केलं हो त्यांनी. वहिनींसाठी जे उत्तम ते द्यायचं, एवढंच मनात होतं. पण मायेनं केलेला मूर्खपणा इंजिनाला कळत नाही.

थंडीत गाडी सकाळी कुरकुरायला लागली. चावी फिरवली की समोरचा तेलाचा लाल दिवा लवकर विझेना. अनंतराव गल्लीत आले. गुलाबरावांनी पट्टी ओढली, थेंब चोळला. ही लांब तार आली. "फर्स्ट क्लास तेल आहे. थंडीची कुरकुर होय, काही नाही." पूर्णिमा काही बोलायला गेली तर, "चूप बस पोट्टी, कालची तू!" अहो, तेव्हा जरी ऐकलं असतं!

मे महिना आला. अभनपुरात प्रेमलाबाईंच्या भाचीचं लग्न होतं मंगळवारी. बाई हट्टाला पेटल्या. डायलिसिसची एक पाळी चुकली तर काय होते, म्हणाल्या. लग्नात बसल्या, फोटो काढले. शुक्रवारी मात्र पाय सुजलेले, दम लागलेला. कधी एकदा दवाखाना येतो, असं अनंतरावांना झालं होतं.

नव्या रायपूरचे ते रस्ते तुम्ही पाहिलेत का? सहा सहा पदरी, आणि माणूस नाही. झाड म्हणावं तर कमरेएवढं. तिथे भर दुपारी गाडीनं निळा धूर सोडला, आतून लोखंड खडखडलं आणि इंजिन जाम झालं.

अनंतरावांनी फोन लावला. रुग्णवाहिकेला नाही, दवाखान्याला नाही, गुलाबला. आपल्या लोकांची रीतच ही. संकट आलं की आधी आपला माणूस.

"तिथंच थांब," गुलाबराव म्हणाले. "कोणाले हात लावू देऊ नको गाडीले. मी येऊन राहिलो."

स्कूटरवर त्यांना पन्नास मिनिटं लागली. पोहोचल्याबरोबर त्यांनी बॉनेट उघडलं. मागच्या सीटवर वहिनी तोंड उघडं टाकून श्वास ओढत होत्या, आणि हा माणूस पट्टी ओढून अंगठा चोळत होता. तार आली! मग त्यांनी तेल ओतायचं झाकण उघडलं. आत डांबरासारखा काळा चिखल जमला होता. गुलाबरावांना सगळं त्या क्षणी कळलं. ते रस्त्याच्या मधोमध धावले, हात पसरून मुरुमाचा एक डंपर अडवला. केबिनमध्ये वहिनींना आपल्या हातांनी चढवलं. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली.

तेरवी झाली. इंजिन गुलाबरावांनी एकट्यानं उघडलं, पूर्णिमालाही जवळ येऊ दिलं नाही. टर्बोला तेल नेणारी नळी बोरूएवढी बारीक, ती काळ्या गाळानं गच्च बुजली होती. पाण्यासारखं तेल त्या नळीसाठीच पाण्यासारखं केलेलं होतं. तीस वर्षांच्या अंगठ्याला हे कोण सांगणार, आणि सांगितलं तेव्हा ऐकलं कोणी?

काही दिवसांनी अनंतराव गल्लीत आले. हातात तोच डबा, सील न तोडलेला.

"गाडी दुरुस्त कर. आता हे टाक."

गुलाबराव स्टुलावरून उठलेच नाहीत. "अनंता, मी मारलं वहिनीले. माह्या तेलानं गेली ती."

"मले मालूम आहे. शोरूमवाल्यानं सांगितलं."

"मग इथं काहून आला बे? जा न त्याच्याकडं! चपलेनं मार मले!"

अनंतराव बाकड्यावर बसले. डबा दोघांच्या मध्ये ठेवला.

"हव, राग आहे. खूप आहे. पण रायपुरात मले दुसरं कोण आहे, गुलाब?"

गुलाबराव रडायला लागले. भर दिवसा, गिऱ्हाइकांसमोर, हमसून हमसून. अनंतरावांनी त्यांना रडू दिलं. मग खाली पाहत म्हणाले, "एक गोष्ट तुले सांगितली नाही. मले एकट्याले पेलवत नाही आता ती."

"काय?"

"तू यायच्या आधी दोन गाड्या थांबल्या होत्या तिथं. चला म्हणे, दवाखान्यात सोडून देतो. मी दारही उघडलं होतं." "तिनंच नाही म्हटलं. भाऊजी येऊन राहिले, म्हणे. आता काही काळजी नाही."