दूध संस्थेच्या चेअरमनचं पोट

वडवणीपासून पाच-सहा किलोमीटरवर आमचं गाव, आणि गावात दूध संस्था. ही गोष्ट घडली तेव्हा मी अकरा वर्षं तिचा चेअरमन होतो. एवढ्या काळात गावानं माझं एकही भाषण पूर्ण ऐकलं नव्हतं. वार्षिक सभेत "सभासद बंधूंनो, दुष्काळाच्या या" इथपर्यंत मी यायचो आणि माझ्या पोटात कुणीतरी ट्रॅक्टर सुरू करायचं. दुष्काळाचं पुढे काय, ते सेक्रेटरी सांगायचे. मी तोवर टमरेल शोधत असायचो. विरोधक म्हणायचे, चेअरमन प्रश्नांना भितात. प्रश्नांना मी भीत नव्हतो, उत्तरं लांबली तर काय होईल याला भीत होतो.

बीडपासून पुण्यापर्यंत डॉक्टर झाले. एकानं मिरची बंद केली, दुसऱ्यानं डाळ, तिसऱ्यानं भाकरी सोडवून मऊ भातावर आणलं. "गॅस आहे" यावर मात्र सगळ्यांचं एकमत. आणि जे डॉक्टर नव्हते ते, म्हणजे उरलेला सगळा जिल्हा, सांगायचे की थंड दूध पीत जा, आग शांत होते. ते मी इमानेइतबारे करत होतो. संस्थेच्या चेअरमनला दुधाचा काय तोटा? सकाळी तांब्या, संध्याकाळी तांब्या.

पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला, जनावरं चारा छावणीत गेली, संकलन निम्म्यावर आलं, आणि त्यातच संस्थेची निवडणूक लागली. माझ्याविरुद्ध आमच्याच भावकीतला एक गडी उभा राहिला. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. त्यानं पारावर सगळ्यांदेखत मला विचारलं, "ज्याला एक तास खुर्चीवर बसता येत न्हाई, त्याला खुर्ची कावून पाहिजे बे?"

लोक हसले. मीही हसलो असतो, पण तेवढा वेळ पोटानं दिला नाही.

त्या दिवशी ठरवलं की पोटाचा निकाल लागल्याशिवाय खुर्ची टिकत नाही. पुतण्या सिंगापूरला नोकरीला. तो कधीपासून म्हणत होता, काका, इथे दाखवू. गावात मी पुण्याला चाललो असं सांगितलं. पण पासपोर्टच्या चौकशीला ठाण्यातून हवालदार आला आणि त्यानं माझ्या चारित्र्याची चौकशी नेमकी माझ्या विरोधकाच्या ओट्यावर बसून केली. संध्याकाळपर्यंत गावाला सगळं कळलं. गावानं हिशोब साधा लावला. दुष्काळात कुणी नुसतं पोट दुखतं म्हणून विमानात बसत नाही. काहीतरी मोठंच निघालं असणार.

तिथल्या दवाखान्यानं आधीच एक तक्ता पाठवला होता. आठवडाभर जे पोटात जाईल ते लिहायचं. मी प्रामाणिकपणे लिहिलं. मऊ भात, वरणाचं पाणी, ज्वारीच्या लाह्या, अर्धा पेरू. चहा लिहिला नाही, कारण चहा म्हणजे खाणं नव्हे. दूध लिहिलं नाही, कारण ते औषध. डॉक्टरीणबाई लहानखुऱ्या चिनी होत्या. त्यांनी तक्ता दोनदा वाचला आणि पुतण्याला म्हणाल्या, हा माणूस साधू आहे का?

मग त्यांनी फुंकरीची तपासणी सांगितली. नळीत फुंकायचं, यंत्र आकडा दाखवतं. अट एकच, रात्रीपासून कडक उपाशी. उपवासाचं मला सांगू नका म्हटलं, जन्म गेला.

सकाळी फुंकलं. आकडा बघून नर्सनं दुसऱ्या नर्सला बोलावलं, दुसरीनं डॉक्टरीणबाईंना. तिघी यंत्राकडे बघत होत्या. आमच्या संस्थेतल्या फॅट मशीनवर असा आकडा आला, तर आम्ही कॅन परत पाठवतो. म्हटलं, गावाचा हिशोब बरोबर निघाला.

"काका, रात्रीपासून काही खाल्लंत?" पुतण्यानं विचारलं.

"घोटभर पाण्याशिवाय काही नाही."

"आणि चहा?"

"चहा घेतला की. तुम्ही झोपला होता, मीच केला. दोन कप."

"मग उपाशी कसले, काका?"

"अरे, एकादशीला चालतो. इथं काय धाड भरली?"

डॉक्टरीणबाईंनी एकादशी म्हणजे काय ते विचारलं. ते इंग्रजीत सांगताना पुतण्याचा चेहरा पडत गेला. मग त्यांनी विचारलं, दिवसाला किती कप? मी बोटं मोजली. घरी तीन, संकलनावर दोन, पारावर एक. सध्या निवडणूक, म्हणून घरोघरचे पंचवीस. बाईंनी पेन खाली ठेवलं. नाही म्हणता येत नाही का, असं त्या म्हणाल्या. आता त्यांना काय सांगणार? टँकर चार दिवसांनी येतो. घागरीच्या तळाला राहिलेल्या पाण्यातलं कपभर एक बाई तुमच्यासाठी उकळते, छावणीतून आणलेलं दूध त्यात घालते. तिला नको म्हणून उठलात, तर त्या घरातली मतं गेली, आणि गेली ते बरोबरच.

दुसऱ्या दिवशी तोंडाला कुलूप लावून गेलो. त्यांनी काहीतरी गोड पाणी पाजलं आणि दर अर्ध्या तासाला फुंकायला लावलं. दुसऱ्या फुंकरीलाच पोटातला ट्रॅक्टर असा सुरू झाला की नर्सनं खिडकीबाहेर पाहिलं. दुपारी निदान आलं. दुधातली साखर या माणसाला पचत नाही. बाकी पोट ठणठणीत.

बाईंनी नोंदीसाठी माझा व्यवसाय विचारला. पुतण्या जरा घुटमळला आणि मग त्यानं सांगून टाकलं. दोन दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या.

"औषध काय?" मी विचारलं.

"औषध नाही. दूध बंद करा."

"निदान एखादी गोळी तरी द्यायला सांग," मी पुतण्याला म्हटलं. एवढ्या लांबून आलो होतो.

गावात परतलो तेव्हा मतदानाला दहा दिवस होते. अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस दुसऱ्याच दिवशी. जीप पारापाशी थांबली. विरोधक पुढे आला आणि त्यानं माझी बॅग उचलली. आयुष्यात पहिल्यांदा.

"अण्णा, काय निघालं?"

खरं सांगायला मी तोंड उघडलंही होतं. पण समोर दुधाचे कॅन घेतलेले सभासद उभे. ज्याला दूध पचत नाही, त्याला दुधाचा चेअरमन कोण करील? मी मान खाली घातली आणि म्हणालो, "औषध न्हाई म्हणले. साधी गोळीसुद्धा दिली न्हाई."

यात खोटा शब्द एकही नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

दुसऱ्या दिवशी त्यानं अर्ज मागे घेतला. पारावर म्हणाला, "पाच-सहा महिन्यांचा पाव्हणा हाय. शेवटचा मान त्याला राहू द्या." मी बिनविरोध निवडून आलो. घरी बायकोला सगळं खरं सांगितलं होतं. तिनं ओवाळलं आणि म्हणाली, "जित्तेपणीच मयताचा मान घेतला. आता तुमाला कशाची कमी?"

दूध सुटलं आणि पोट गप्प झालं. कोऱ्या चहावर बाया हळहळायच्या, बिचाऱ्याला चहात दूधसुद्धा वर्ज्य केलंय म्हणून. त्या वर्षीच्या सभेत मी दीड तास भाषण केलं, "दुष्काळाच्या या" पासून पार शेवटापर्यंत. खरं तर भाषण रटाळ होतं. पण मरणाच्या दारातला माणूस उभा राहून बोलतोय म्हटल्यावर लोक डोळे पुसत होते. मी पण पुसले.

अडचण पुढे झाली. मी सुधारत गेलो. गाल वर आले, सदरे पोटावर बसेनात. बाहेर जाताना मी शाल घेऊ लागलो, चाल हळू केली. विरोधक दर महिन्याला बघायला यायचा. येऊन आधी माझ्या पोटाकडे बघायचा, मग तोंडाकडे. दोन वर्षं अशी गेल्यावर एका दुपारी त्यानं कप खाली ठेवला.

"अण्णा, डॉक्टरानं किती सांगितलं व्हतं?"

"किती काय?"

"दिस."

"आकडा न्हाई सांगितला त्यांनी."

त्यानं माझ्या अंगावरच्या शालीचं टोक चिमटीत धरून पाहिलं. बाहेर वैशाखाचं ऊन होतं.

"मी अर्ज मागं घेतला तो माणुसकीनं घेतला," तो म्हणाला. "ते माझं काही म्हणणं न्हाई. पण माणुसकीला बी काही मुदत असती का न्हाई बे?"

मी दोन-चार वेळा खोल खोकलो. तो गेल्यावर बायको म्हणाली, पोटाच्या दुखण्याला खोकला येत नसतो.