धर म्हणालो होतो

आफ्रिकेतल्या एंडोला शहरातल्या तेल-गोदामात चिसांगासारखा पिंप चालवणारा दुसरा नव्हता. तीन माणसांच्या वजनाचं भरलेलं पिंप तो पाठ ताठ ठेवून, पाय फाकवून हळूच स्वतःकडे ओढायचा, त्याच्या बुडाच्या कडेवर तोलायचा आणि नुसत्या तळव्यांनी गोल फिरवत ट्रकपाशी न्यायचा. त्याच्या जोडीला जेरे असायचा. चिसांगा बेंबा, जेरे अंगोनी. या दोन जमातींनी एकमेकांची टर उडवायची ही आजोबा-पणजोबांपासूनची रीत, त्यामुळे दिवसभर यांचं तोंड चालूच.

“ए उंदीरखाऊ, बोटं सांभाळ!” चिसांगा ओरडायचा.

“तू सांभाळ रे माकडखाऊ, तुझं शेपूट अडकेल!”

जेरेला हे काम चिसांगानंच शिकवलं होतं. आधी बूच घट्ट आहे का बघ. दोन पिंपांच्या मध्ये हात घालू नकोस. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, कलंडलेलं पिंप कधी धरायचं नाही. हात काढायचे, मागे व्हायचं. तेल सांडलं तर सांडू दे.

त्या दिवशी सकाळीच सांडलेल्या तेलावरून साहेबानं सगळ्यांची हजेरी घेतली होती. दुपारी जेरेच्या वाट्याला एक अर्धवट भरलेलं पिंप आलं. अर्धवट पिंप भरलेल्याहून वाईट. आतलं तेल हेलकावतं आणि तोल कधी जाईल सांगता येत नाही.

“हातगाडी आणतो रे,” जेरे म्हणाला. “हे आतून डुचमळतंय.”

“हातगाडी? मग काठी पण आण टेकायला, म्हाताऱ्या!” चिसांगा म्हणाला. बाकीचे हसले. जेरेही हसला आणि त्यानं पिंप कलतं केलं.

चार-पाच पावलांवर त्याचा पाय ओशट जमिनीवरून सटकला. पिंप कलंडायला लागलं. चिसांगाच्या डोळ्यांपुढे साहेबाचं तोंड आलं आणि तो ओरडला, “धर!”

जेरेनं धरलं. पडतं पिंप शेजारच्या उभ्या पिंपावर आदळलं आणि त्याचा उजवा हात दोन्हींच्या मध्ये चिरडला. दवाखान्यातून तो परत आला तेव्हा त्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं.

चौकशीला साहेबानं दोघांना समोरासमोर बसवलं. “पिंप पडताना तू काय म्हणालास?” त्यानं चिसांगाला विचारलं.

“सोड म्हणालो, साहेब.”

जेरेनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मग खाली बघत म्हणाला, “मला नीट ऐकू आलं नसेल.”

चूक जेरेची ठरली. तो बायकोमुलांना घेऊन पूर्वेला, चिपाटाकडच्या आपल्या गावी निघून गेला. चिसांगाला वाटलं, दोस्तानं सगळं समजून-उमजून आपल्याला वाचवलं. हे उपकार त्याला टोचत राहिले, पण नोकरी टिकली, पुढे तो मुकादमही झाला.

बऱ्याच वर्षांनी एका नव्या गड्याच्या हातून पिंप निसटलं. “सोड!” चिसांगा ओरडला. गडी मागे उडाला, पिंप धाडकन पडलं, तेलाचं तळं झालं. कोणाला ओरखडासुद्धा आला नाही. सगळे हसत भुसा आणायला पळाले. चिसांगा मात्र त्या तळ्याकडे बघत जागेवरच उभा राहिला. किती सहज आला होता तो शब्द तोंडातून! त्या आठवड्यात त्यानं रजा काढली आणि चिपाटाची बस धरली.

जेरे अंगणात डाव्या हातानं शेंगा सोलत होता. त्यानं उठून पाहुण्याला स्टूल दिलं. चिसांगानं इकडचं तिकडचं काही बोलणं काढलंच नाही.

“मी तेव्हा धर म्हणालो होतो. सोड नव्हे. खोटं बोललो मी.”

जेरेच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“धर म्हणालास?”

“तुला ठाऊक होतं ना? मला वाटलं, तू मला सांभाळून घेतलंस.”

“नाही रे,” जेरे हळू आवाजात म्हणाला. “मलाही धर असंच ऐकू आलं होतं. पण तू साहेबाला ‘सोड म्हणालो’ असं सांगितलंस, आणि तू कशाला खोटं बोलशील? म्हटलं, आपलाच कान फुटका. आपणच आपला हात घालवला.” त्यानं घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली, “तिसाची आई, जरा बाहेर ये. हा काय म्हणतोय ते ऐक.” मग चिसांगाला म्हणाला, “तिलाही सांग. तिच्या तोंडावर सांग.”

चिसांगानं उभं राहून सांगितलं. ती दाराला धरून ऐकत होती.

“मी यांना बहिरा म्हणत आले,” ती म्हणाली. “घरी, दारी, पोरीच्या लग्नात चारचौघांत. कान असते तर हात असता, असं म्हणायची मी. आणि हे गप्प बसायचे.”

“मी कंपनीत जाऊन सांगतो,” चिसांगा म्हणाला.

“कोणाला?” जेरे म्हणाला. “तो साहेब आहे का आता?”

तो साहेब केव्हाच कंपनी सोडून गेला होता.

संध्याकाळी तिनं शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, आणि भोपळ्याच्या पाल्याची भाजी आणून ठेवली. पाहुण्याच्या हातावर आधी पाणी घालायचं, ही तिथली रीत. पण तिनं तांब्या उचलला आणि आधी नवऱ्याचा थोटा हात आपल्या हातात घेऊन सावकाश धुतला, मग दुसरा. उरलेलं पाणी तसंच चिसांगासमोर ठेवून ती आत गेली.

“घे,” जेरे म्हणाला, “जेवण गार होतंय.”

चिसांगानं स्वतःच स्वतःच्या हातावर पाणी ओतून घेतलं.