अस्वलाचा कोपरा

इसम एक, वय साठीच्या पुढे, पेशा जंगलखात्यातील निवृत्त नाकेदार, नात्याने माझे साडू. ठिकाण, आमच्या कचेरीच्या व्हरांड्याचा पूर्वेकडील कोपरा. साक्षीदार तीन, पैकी दोन आईच्या कडेवर व तिसरा रांगता असल्याने कोणाचाही जबाब घेता आला नाही. सबब तिघांच्या वतीने मी, अर्जनवीस, लिहून देतो की, संबंध चांदा जिल्ह्यात वाघाला माझ्या साडूंइतके सभ्य वळण दुसऱ्या कोणीही लावलेले नाही.

वाघ अर्थात कागदावरचा. वहीच्या पानांच्या कोपऱ्यात साडू एकच जनावर पुनःपुन्हा काढीत, दर पानावर पाय किंचित पुढे; मग अंगठ्याखालून एकेक पान सोडले की जनावर चालू लागे. तारखेसाठी ताटकळलेल्या आयांची लेकरे रडू लागली की ही 'चालती वही' उघडे. प्रेक्षक पाच वर्षांच्या आतला असावा, हा नियम माझ्या कोणत्याही कलमापेक्षा कडक होता. मोठे पोर डोकावले की, "तुले आता पाढे येते, तू जाय." मीही एकदा मान पुढे केली, तर "भाऊ, तुमाले तर कायदा येते," म्हणून वही मिटली. पाने सोडण्याची गती इतकी संथ की धानोऱ्याकडील एका बाईने विचारले, "काऊन भाऊ, हरणाचा पाय दुखते का?" साडू म्हणाले, "लेकराचा डोळा रांगते, बाई. हरणानं थांबावं थोडं." त्यांचा वाघ तळ्यावर येई, पाणी पिई, जांभई देई आणि शेजारच्या चितळाला वाट देऊन परत जाई. ही खोटी साक्ष आहे, असा रीतसर आक्षेप मी घेतला. "मी वाघ पानी पेतानाच पाह्यला, भाऊ. खाताना पाहाले कोन थांबते?" मी आक्षेप मागे घेतला.

गेल्या उन्हाळ्यात कचेरीची व्यवस्था पाहणाऱ्या नाझरसाहेबांनी त्या कोपऱ्यात दप्तराचे कपाट ठेवण्याचे ठरवले आणि साडूंस उठण्यास सांगितले. कोपरा गेला तर पावसाळ्यात लेकरांना दुसरा आडोसा नाही, म्हणून मी अर्ज लिहिला. विषयाला न्याय देण्याची माझी सवय असल्याने विनंती एकतिसाव्या पानावर आली. पाने शिवण्याचे काम तेवढे साडूंना दिले.

पुढील हकिकत चपराशाच्या तोंडची. साहेबांनी अर्ज चाळताच खालच्या कोपऱ्यातून एक अस्वल निघाले. साहेबांनी ते चार वेळा चालवले, दार लावून घेऊन आणखी चालवले, आणि सायंकाळी कागद काखोटीस मारून बंगल्यावर नेले. तेथे त्यांची दोन वर्षांची मुलगी आहे. ती तो अर्ज आता खाली ठेवीत नाही, आणि कागद हाती नसल्याने निकाल होत नाही.

मी साडूंवर संतापलो. ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या लिखाईची किंमत मले आज समजली, भाऊ. एवढी पानं कोनीच लिहीत नाई. अस्वल पुरं झाडापर्यंत पोचलं." इतक्या वर्षांत माझ्या विस्ताराची स्तुती दुसऱ्या कोणी केलेली नाही, त्यामुळे मला पुढे रागावता आले नाही.

निकालाची वाट न पाहता कपाट आले. साडू भामरागडला लेकीकडे गेले. पावसाने वाट बंद, पत्र नाही. परवा व्हरांड्यात एक लेकरू रडत असता मी कोऱ्या कागदांच्या कोपऱ्यात हरीण काढून पाहिले. आईने ती शेळी ठरवली. मी पाने भराभर सोडली तेव्हा ते अधिकच रडले. मग थांबत थांबत सोडली, तेव्हा गप्प झाले.

सबब साहेबांस विनंती की, वाट खुली होऊन साडू परतण्यापूर्वी कोपरा मोकळा करावा. मूळ कागद मुलीपाशीच असू द्यावेत. मात्र ते अस्वल मी अद्याप पाहिलेले नाही. वयाची अट एक वेळ शिथिल करून ते मला झाडापर्यंत चालताना दाखवावे. उत्तरासाठी अर्जदार त्याच व्हरांड्यात, कपाटाच्या अलीकडे, बसून आहे.