उंबऱ्याबाहेरची भाऊबीज

स्वच्छतेवरून माझं आमच्या घरात कुणाशीच पटत नाही. पूर्वी हे मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे. बाहेरून आल्यावर पाय न धुता कुणी सोफ्यावर बसलं की माझं डोकं फिरतं, आणि आमचे हे गेली कित्येक वर्षं घरात शिरण्यापूर्वी माझ्या चेहऱ्याकडे बघून मगच चप्पल कुठे काढायची ते ठरवतात.

गेल्या दिवाळीत तर मला आयतंच निमित्त मिळालं. मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी कर्वेनगरला आमच्याकडे आली होती आणि बाळ दिवस भरायच्या आधीच आलं. मुलगी झाली. वजनाला इतकी हलकी की हातात घेतली तरी दुपटंच घेतल्यासारखं वाटायचं. बरेच दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत राहून ती घरी आली. निघताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आजी, थंडीचे दिवस आहेत, त्यात सणाचे. येणं-जाणं कमी ठेवा. सर्दी झालेलं कुणीही बाळाजवळ नको. आपल्याला जी साधी सर्दी, ती हिच्यासाठी साधी नसते." मुलगी तेव्हा औषधांच्या खिडकीपाशी होती. हे वाक्य माझ्या एकटीच्या पदरात पडलं आणि मी ते फौजदाराच्या काठीसारखं वापरायला लागले.

घर मी असं काही झाडलं की विचारू नका. काठीला केरसुणी बांधून जळमटं काढली, माळा रिकामा केला, पंख्यांची पाती पुसली, पडदे धुतले, गोधड्या गच्चीवर उन्हात टाकल्या. फरशी दोनदा पुसायची, दाराच्या कड्या पुसायच्या. बाळाची वाटी-चमचा उकळायचा. दुधाच्या पिशव्या साबणाने धुऊन मगच फ्रीजमध्ये. हे म्हणाले, "उद्या पेपरलाही अभ्यंगस्नान घाल." मी हसले नाही. पेपर तर मी आधीच बंद करून टाकला होता.

मालिशवाल्या बाईंनाही मी नको म्हटलं. त्या दहा घरं फिरून येतात, दहा घरांची सर्दी घेऊन येतील, असा माझा हिशेब. बाळाला तेल लावणं, न्हाऊ घालणं, शेक देणं, सगळं मीच करणार. मुलगी म्हणालीसुद्धा, "आई, तू दमशील." पण खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं होतं. माझ्यावाचून त्या घरात बाळाचं पान हलत नव्हतं.

लक्ष्मीपूजनाला जावई आले. हडपसरला मोठ्या कंपनीत आहेत. दारातच खोकले. मी बघितलं, तर म्हणाले, "एसीचा आहे हो आई, ऑफिसमध्ये सगळ्यांनाच असतो." मी लगेच आलं-गवती चहाचा काढा करून दिला, चांदीच्या ताटात फराळ वाढला आणि शेजारी बसून आग्रह केला. जावयाला मास्क लाव म्हणायची आपल्यात पद्धत नाही. ते बिचारे स्वतःहूनच बाळापासून लांब बसले, तेवढं त्यांचं शहाणपण. सर्दी कुणाला आहे हे आम्ही माणूस बघून ठरवतो.

पाडव्याच्या सकाळी माझा घसा खवखवायला लागला. मी स्वतःला सांगितलं, माळ्यावरची धूळ. मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या, पण नळ मोठा सोडून, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. ह्यांनी विचारलं, "नाक का लाल झालंय?" म्हटलं, कांदा चिरत होते. ह्यांनी ओट्याकडे पाहिलं. ओट्यावर कांदा नव्हता.

आणि बाळाला न्हाऊ घालताना मी नाकातोंडाला ओढणी बांधली. मुलीने विचारलं तर म्हटलं, "काळजी घेतलेली बरी." त्या ओढणीपाशी माझं मन पुन्हा पुन्हा येऊन अडतं. नुसती धूळ असती तर ओढणी कशाला बांधली असती? मला कळलं होतं. एका दिवसापुरतं मालिशवाल्या बाईंना बोलावलं असतं, किंवा बाळाला नुसतं पुसून घेतलं असतं, तर काय आकाश कोसळणार होतं? पण मग सर्दी झालेलं माणूस म्हणून मला बाजूच्या खोलीत बसावं लागलं असतं, माझ्याच नियमाने.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. माझा धाकटा भाऊ धायरीला असतो. धायरी माझं माहेर. माझं लग्न झालं तेव्हा तिथे शेतं होती, आता आमच्या घराच्या तिन्ही बाजूंनी उंच इमारती आहेत आणि मधल्या जागेत भाऊ अजून एक म्हैस बाळगून आहे. लोक त्याला वेडा म्हणतात. मीही म्हणते. दरवर्षी भाऊबीजेला तो सकाळीच येतो, कधी चुकला नाही. यंदा तो माझ्या लेकीसाठी घरचं तूप आणि बाळासाठी बायकोने शिवलेलं झबलं घेऊन आला होता. जिना चढून आला, दारात उभा राहिला आणि शिंकला.

"सर्दी झालीय?" मी विचारलं.

"न्हाय गं अक्का. आमच्याकडं रात्रभर फटाके. धुरानं नाक हुळहुळतंय नुसतं."

"थांब तिथेच," मी म्हणाले. पार्सल घेऊन येणाऱ्या पोरांना मी ज्या आवाजात थांबवते त्याच आवाजात.

तो थांबला. कुरबूर नाही, चेष्टा नाही. लिफ्टसमोर, चपलांच्या कपाटाशेजारी मी पाट मांडला. तिथेच तो नवा सदरा घालून मांडी घालून बसला. मी हात लांब करून त्याला ओवाळलं. जिन्यातल्या वाऱ्याने निरांजन दोनदा विझलं. लिफ्टमधून वरच्या मजल्यावरचे काका उतरले, आमच्याकडे पाहून म्हणाले, "का हो, आत जागा कमी पडली का?" भाऊच हसून म्हणाला, "न्हाय न्हाय, हितं हवा चांगली हाय."

फराळ त्याला मी कागदाच्या बशीत दिला. धुवायची नको म्हणून. जावयांचं परवाचं चांदीचं ताट घासून ठेवलेलं ओट्यावर उपडं होतं, ते मला दिसत होतं.

"बाळ लांबनं दाव की," तो म्हणाला. मुलगी बाळाला घेऊन आतल्या दारापर्यंत आली. त्याने नाकावर रुमाल दाबला आणि मान उंच करून बघितलं. "नाक आपल्या आईचं हाय," एवढंच म्हणाला. जाताना कागदाची बशी घडी करून खिशात घातली, म्हणाला खाली कचऱ्यात टाकतो. तो गेल्यावर मी पाट फिनेलने पुसला. माझं नाक तेव्हा इतकं चोंदलेलं होतं की फिनेलचा वाससुद्धा आला नाही.

त्यानंतर एक-दोन दिवसांत बाळ किरकिर करायला लागलं. नाक घुरघुरत होतं. मग दूध ओढेना. संध्याकाळी मुलीने झबलं वर केलं तर श्वास घेताना फासळ्यांखाली खड्डे पडत होते. रिक्षाने दवाखान्यात जाईपर्यंत मुलगी एकच वाक्य म्हणत होती, "आपण तर कुणालाच आत घेतलं नव्हतं, आई. कुणालाच."

पुन्हा ती काचेची पेटी. इवल्याशा नाकात नळी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला सर्दी-खोकला?" तोवर माझी सर्दी ओसरत आली होती. मुलगी म्हणाली, "मामा आला होता भाऊबीजेला. शिंकत होता. पण आईने त्याला बाहेरच बसवलं होतं." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या दिवसांत कुणाकडूनही होतं, आता ते शोधत बसू नका. पण विहीणबाई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "गावाकडच्या माणसांना अंदाज नसतो हो. गोठ्यातून उठून तसेच येतात."

त्याच गोठ्यातून मी आले होते. आणि सर्दी माझ्या नाकात होती. दोन्हींपैकी एक जरी गोष्ट बोलले असते तरी चाललं असतं. मी पदर सारखा केला.

बातमी धायरीला पोचली. भावाचा फोन आला. आवाज लहान झालेला. "अक्का, माझ्यामुळं झालं का गं?"

मी म्हणाले, "असं नसतं रे. तू मनाला लावून घेऊ नकोस."

म्हणजे काय केलं मी? त्याला माफ केलं! न केलेल्या गुन्ह्याची, मोठ्या मनाने, मीच त्याला माफी दिली. फोन ठेवल्यावर मला स्वतःची किळस आली, पण परत फोन लावला नाही. बाळ दवाखान्यात होतं तोवर मी घर पुन्हा सगळं धुऊन काढलं. पडदे, चादरी, खिडक्यांच्या जाळ्या. हातांची साल निघेपर्यंत घासत होते. मुलगी फोनवर नवऱ्याला म्हणाली, "आई किती करते रे आमच्यासाठी." ते ऐकून बाथरूममध्ये जाऊन रडले.

बाळ बरं झालं. देवाची कृपा, डॉक्टरांचे उपकार. घरी आलं, दूध ओढायला लागलं, गाल भरले. लांबलेलं बारसं शेवटी मार्गशीर्षात करायचं ठरलं. आमच्याकडेच, घरातल्या घरात.

भाऊ आणि भावजय आले. भावजय स्वयंपाकघरात मला हाताशी लागली. घुगऱ्यांना फोडणी घालता घालता मी विचारलं, "हा कुठे राहिला?"

"भाईर बसल्यात," ती म्हणाली. "वन्सं, तुमास्नी सांगते, यांचं काय खरं न्हाय. दिवाळीपास्नं कुणाच्या घरी जात न्हाईत. आमचा नातू मांडीवर चढाया बघतो, तर त्याला बी जवळ घेत न्हाईत. पोरगं रडतंय, ह्ये भिंतीकडं तोंड करून बसतात. म्हनतात, माझ्या अंगाला कायतरी हाय, लेकरांस्नी बाधतंय."

तो नातू दीड वर्षाचा आहे. आजोबा दिसला की दोन्ही हात वर करतो, मी पाहिलंय.

गॅस बंद करून मी बाहेर गेले. भाऊ लिफ्टसमोर जिन्याच्या पायरीवर बसला होता, तोंडाला मास्क लावून. त्याला ना सर्दी होती, ना खोकला. कुणी त्याला बस म्हटलं नव्हतं.

"आत ये," मी म्हणाले.

"नको अक्का. हितं बरं हाय. नाव ठेवताना जरा मोठ्यानं म्हना, मला ऐकू यील."

मी त्याच्याशेजारी पायरीवर बसले. "सर्दी मला होती," मी म्हणाले. "तू यायच्या आधीपासून. मला माहीत होतं. तसंच मी तिला न्हाऊ घातलं. माझ्यामुळे झालं ते."

मी मनाची तयारी केली होती. तो ओरडेल, बायकोला हाक मारून निघून जाईल, पुन्हा माझ्या दारात यायचा नाही. त्याचा हक्कच होता.

"म्हंजी माझ्यामुळं न्हाय?" त्याने विचारलं.

"नाही."

"खरं सांगतीस? का मला बरं वाटावं म्हनून?"

"नाही रे. खरंच सांगते."

त्याने मास्क ओढून काढला. डोळे भरून आले होते, पण तोंडभर हसत होता. उठला आणि दारातूनच आत ओरडला, "अगं ए! आपल्यामुळं न्हवतं! अक्काला झालती सर्दी!"

घरभर ऐकू गेलं. पाळण्याची दोरी धरलेला मुलीचा हात थांबला. विहीणबाईंनी भुवया उंचावल्या. हे खिडकीबाहेर बघायला लागले. भावाला त्यातलं काही दिसत नव्हतं. माझ्यावर रागवायचं तर त्याला सुचलंच नव्हतं. तो तडक बेसिनकडे गेला, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, टॉवेल न घेता सदऱ्यालाच पुसले आणि पाळण्यापाशी आला. आत्या नाव सांगायला वाकली होती, तिला म्हणाला, "जरा थांबा, ताई. माझं एक सांगायचं राह्यलंय."

आणि बाळाच्या कानाशी वाकून, सगळ्यांना ऐकू येईल इतक्या मोठ्याने, तो म्हणाला, "मी न्हवतो गं बाय. मी न्हवतो."

बायका हसल्या. कुणीतरी टाळीही वाजवली. मुलगी तेवढी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.